गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल लागला की गाडीच्या एसीबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं, "गॅस संपलाय, भरून घ्या." सांगणारा कधी मेकॅनिक असतो, कधी शेजारी, कधी सोसायटीच्या पार्किंगमधले सर्वज्ञ काका. ऐकणारा मान डोलावतो, पैसे मोजतो आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा त्याच गॅरेजच्या रांगेत उभा राहतो. काहींनी तर याला सर्व्हिसिंगचाच भाग मानलंय. ऑइल बदला, फिल्टर बदला, गॅस भरा.

एसीचा गॅस म्हणजे इंधन नव्हे. तो जळत नाही, थंडावा देऊन खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून तो द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतली उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. तो कमी झाला असेल तर कारण एकच, कुठून तरी बाहेर गेला. घरातला फ्रिज याच तत्त्वावर पंधरा-पंधरा वर्षं चालतो, त्यात दर उन्हाळ्यात गॅस भरायला कोणी येत नाही.

मग गाडीतलाच का गळतो? हा प्रश्न मात्र रास्त आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटारीसकट लोखंडी डब्यात बंद असतो आणि नळ्यांचे सांधे ब्रेझिंगने कायमचे जोडलेले असतात. गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे त्याचा दांडा बाहेर येतो आणि तिथे सील लागतं. इंजिन हादरत असल्यामुळे नळ्यांचा काही भाग रबरी होजचा ठेवावा लागतो. शिवाय दुरुस्तीसाठी उघडता यावेत म्हणून सांधे नट-बोल्टचे असतात आणि प्रत्येक सांध्यात एक ओ-रिंग बसवलेली असते. बोटाच्या पेरावर मावणारी ही रबरी कडी काही रुपयांना मिळते.

होजच्या रबरातून थोडा गॅस झिरपतो हे खरं आहे. पण किती? युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात एकच कूलिंग कॉइल असलेल्या गाडीला वर्षाला ४० ग्रॅम ही गळतीची कमाल मर्यादा घातली आहे. लहान गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम गॅस मावतो. म्हणजे ही मर्यादा गाठली तरी वर्षाला फार तर दहावा हिस्सा जाईल. जुन्या गाडीत सहा-सात वर्षांनी गॅस कमी आढळला तर ते समजण्यासारखं आहे. पण गेल्या मार्चमध्ये भरलेला या मार्चमध्ये ‘संपला’ असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस ओतणाऱ्याला आणि ओतून घेणाऱ्याला काय म्हणावं?

बऱ्याचदा दोषी असते ती हीच ओ-रिंग. इंजिनजवळच्या उष्णतेने रबर कडक होतं, वर्षानुवर्षं दबून चपटं होतं आणि सांधा धरेनासा होतो. तिथे तेलकट धुळीचा डाग दिसतो, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं आणि गळताना तेही बाहेर येतं. टॉपअप करताना हे तेल भरून काढायचं बहुतेकांच्या ध्यानातही नसतं. मग एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो आणि ‘कंपनीचा माल खराब’ असा निकाल लागतो.

दुसरा संशयित म्हणजे गॅस भरायच्या तोंडातली व्हॉल्व्ह पिन. टायरच्या व्हॉल्व्हसारखी दिसते, पण तिचं सील वेगळं असतं. टायरची पिन तिथे चालत नाही. गेज लावताना दर वेळी ती दाबली जाते, म्हणजे वरचेवर गॅस भरणं हेच गळतीचं एक कारण होऊ शकतं. त्यावरचं प्लॅस्टिकचं टोपणही शोभेचं नाही, तेही गॅस अडवतं. गॅरेजमध्ये ते हरवलं असेल तर नवं मागा.

"गेजवर प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे," हेही ठामपणे सांगितलं जातं. एसी बंद असताना आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो फक्त तापमानावर. गाडीच्या एसीतल्या आर-१३४ए या गॅसचा दाब ४० अंश सेल्सिअसला सुमारे १० बार असतो, मग आत ४०० ग्रॅम असो की २००. एसी चालू असताना दिसणारे आकडेही बाहेरचं ऊन, इंजिनाचा वेग आणि कंडेन्सरचा पंखा यांप्रमाणे हलतात. म्हणून गॅस वजनावर भरायचा असतो. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. जास्त भरला की जास्त थंड होतं हाही भ्रमच. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब चढतो आणि थंडावा उलट घटतो.

रिंग बदलणं सोपं आहे, पण "कुठलीही त्याच मापाची चालते" म्हणण्याइतकं नाही. नळाची रिंग इथे टिकत नाही. आर-१३४ए आणि त्याच्या तेलाला सोसणारं एचएनबीआर रबर लागतं. हिरवा रंग म्हणजे एसीची रिंग, हा नियमही कुठे लिहिलेला नाही. आधी यंत्राने गॅस काढून घ्यायचा, सांधा पुसायचा, नव्या रिंगला ग्रीस नव्हे तर कॉम्प्रेसरचंच तेल लावायचं आणि नट ठरलेल्या टॉर्कइतकाच आवळायचा. जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि रिंग कापली जाते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांना तर हात जोडावेत. इथे गॅस अडवते रिंग, आटे नव्हेत.

पुढचं काम व्हॅक्यूमचं. अर्धा तास पंप चालवून हवा आणि ओल काढावी लागते, नाहीतर आतल्या पाण्याचं बारीक तोंडाच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊ शकतं. पण व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असंही नाही. त्या वेळी बाहेरची हवा फक्त एका वातावरणाच्या दाबाने आत ढकलत असते. खरी परीक्षा नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून होते.

किरकोळ समजही बरेच आहेत. गाडीखाली ठिबकतं ते गॅसचं नव्हे, हवेतल्या बाष्पाचं पाणी. हवा कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर पाहा. पावसाळ्यात एसी बंद ठेवल्याने तो ‘टिकत’ नाही; अधूनमधून चालवला तर दांड्याच्या सीलला तेल मिळतं. आणि एसीतून बेंझिन येतं या व्हॉट्सॲपवरच्या मजकुराबद्दल एवढंच की एसीच्या गॅसमध्ये बेंझिन नसतं.

"ओझोनला सुरक्षित आहे, सोडला हवेत तर काय बिघडलं?" हे मात्र किरकोळ नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, हे खरं. पण हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसीच्या चौथ्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापवतो. ४०० ग्रॅम गॅस सोडणं म्हणजे सुमारे २५० लिटर पेट्रोल जाळणं.

सगळा दोष गॅरेजवाल्यांचा नाही. टॉपअप झटपट होतो, गळती शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. ती द्या. जुनी रिंग हातात मागून घ्या आणि किती ग्रॅम गॅस काढला, किती भरला, हे दोन आकडे बिलावर लिहून घ्या.