पिकअपचे जादा मीटर आणि त्यांची वायरिंग



एरवी या पानावर आम्ही बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय गाडीचा आहे, पण तो उसापासून फार दूरचा नाही. आपल्या गावांतून आता दारात बैलगाडी असणारे सभासद थोडे आणि पिकअप असणारे बरेच झाले आहेत. बेणे तिच्यातून येते, रोपवाटिकेतले रोपांचे ट्रे तिच्यातूनच येतात, खताची पोती, ठिबकच्या नळ्यांची बंडले, वाढ्याच्या पेंढ्या, सगळे तिच्यातूनच. एवढे राबणाऱ्या जनावराची आपण तब्येत पाहतो. तशी गाडीचीही पाहावी म्हणून अलीकडे ऑईल प्रेशर, पाण्याचे टेंपरेचर आणि बॅटरीचे व्होल्टेज दाखवणारे जादा मीटर बसवून घेण्याची पद्धत पडली आहे. पद्धत चांगली आहे. ते बसवण्याची जी रीत गावोगाव दिसते ती मात्र बऱ्याच ठिकाणी धोक्याची आहे.

मुळात हे मीटर हवेत कशाला, असे काही जण विचारतात. कंपनीने लाल दिवा दिलेला असतोच की. दिवा असतो हे खरे, पण ऑईलचा दिवा लागतो तो प्रेशर बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास उतरल्यावर. भरल्या गाडीनिशी चढावर असताना तो लागला, तर गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंग खरडून जाण्याची भीती असते. काटा मात्र आधीपासून बोलत असतो. रोज गरम इंजिनाला साडेतीन किलो दाखवणारा काटा आज अडीचवर आला, म्हणजे ऑईल पातळ झाले आहे, कमी झाले आहे किंवा पंप दमला आहे. ऊस पक्व झाला की नाही हे आम्ही पानांच्या रंगावरून ठरवीत नाही, रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स पाहतो. तसाच हा प्रकार.

आता धोक्याविषयी. गेल्या हंगामात पाचटाच्या गासड्या भरलेल्या एका पिकअपच्या डॅशबोर्डातून धूर निघाला. चालक हुशार, त्याने गाडी उभी करून आधी बॅटरीची वायर उपसली आणि मग गासड्या खाली ढकलल्या. माणूस वाचला, गाडीही वाचली, वायरिंग मात्र निम्मे जळाले. आम्ही नंतर जाऊन पाहिले. व्होल्टमीटरची प्लस वायर थेट बॅटरीच्या टोकावरून घेतली होती, मध्ये फ्यूज नाही. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडून, त्यात रबर न बसवता ती आत नेली होती. पत्र्याच्या धारेने वर्षभरात वायरीचे कातडे सोलले आणि तांबे बॉडीला टेकले. हे काम करणारा मिस्त्री म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईकच म्हनतंय, लवकर दे, बाजार गाठायचाय.” त्याचेही अगदीच खोटे नाही. पण पाच-पन्नास रुपयांचा फ्यूज आणि रबर यांसाठी लागणारी दहा मिनिटे आपणच त्याला दिली पाहिजेत.

हे नीट समजण्यासाठी आपल्या विहिरीवरच्या मोटारीची पेटी आठवावी. किटकॅटमधली तार सारखी उडते म्हणून आपल्यातले काही जण तिथे जाड तार घालतात. तार मग उडत नाही, मोटार जळते. गाडीत १२ व्होल्टच असतात, हात लावला तर झटका बसत नाही, त्यामुळे लोकांना वाटते की यात काय होणार. झटका व्होल्टेजचा, आग मात्र करंटची. डिझेल पिकअपला सेल्फ मारताना हीच बॅटरी दोन-अडीचशे अँपिअर सहज सोडते. तेवढा करंट दोऱ्याएवढ्या वायरीतून बॉडीला गेला तर काही सेकंदांत वायर लाल होते.

उलट, मीटरला लागतो किती करंट? मीटरमधला दिवा तीन वॅटचा धरला तर १२ व्होल्टला पाव अँपिअर. तिन्ही मीटर दिव्यांसकट एका अँपिअरच्या घरात राहतात. म्हणून तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज पुष्कळ झाला. घरात होता म्हणून पंधराचा घातला, असे करू नये. आणखी एक गोष्ट नेहमी चुकते: फ्यूज मीटरच्या मागे लावतात. फ्यूज मीटरला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. जिथून करंट घेतला तिथून एक वितीच्या आत तो हवा. त्यापुढची सगळी वायर मग राखली जाते.

करंट घ्यायचा तो बॅटरीवरून नव्हे, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या जागेवरून, शक्यतो फ्यूजपेटीतून. थेट बॅटरीवरून घेतला तर मीटर रात्रंदिवस थोडाथोडा करंट पीत राहतो, आणि चार दिवस गाडी उभी राहिली की सकाळी सेल्फ कुरकुरतो. मीटरच्या दिव्याची वायर वेगळी घेऊन पार्किंग लाइटला जोडावी, म्हणजे दिवसा दिवा बंद राहील. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस बाजू काढून ठेवावी. प्लस आधी सोडायला गेले आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी पडते.

सभासद वारंवार विचारतात तो प्रश्न असा: “तात्यांच्या जुन्या ट्रॅक्टरला ॲमीटर आहे, तसाच पिकअपला बसवू का?” आमचे उत्तर: नको, व्होल्टमीटर बसवा. विहिरीच्या पेटीवर हे दोन्ही असतात, त्यामुळे फरक लक्षात येईल. ॲमीटरमधून सगळा करंट वाहत जावा लागतो. जुन्या डायनामोचा करंट थोडा असे, तेव्हा ते निभावले. आजचे अल्टरनेटर साठ-सत्तर अँपिअरचे, काही त्याहून मोठे. तेवढा करंट केबिनमध्ये आणायचा आणि परत न्यायचा म्हणजे बोटाएवढी जाड वायर हवी, आणि एक नट ढिला झाला की तिथेच तापून जळणार. व्होल्टमीटर नुसता बाजूला बसून पाहतो, गाडीचा करंट त्याच्यातून जात नाही. तो बंद पडला तरी गाडी चालते.

त्याचा काटा वाचायलाही सोपा आहे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ दाखवले तर निम्मी उतरली समजावे. इंजिन चालू केल्यावर काटा साधारण १३.८ ते १४.४ वर जायला हवा. चालू इंजिनालाही तो बारावरच राहून हळूहळू उतरत असेल, तर बेल्ट सुटला आहे किंवा अल्टरनेटर भरत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर, ज्याला आपले मिस्त्री कटआऊट म्हणतात, तो गेला. मग बॅटरीचे पाणी उकळून आटते आणि हेडलाइटचे बल्ब उडू लागतात. कारखान्याच्या आवारात नंबरला थांबलेले ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करून रात्रभर टेप आणि दिवे चालू ठेवतात, त्यांना तर हा मीटर अवश्य हवा.

मीटर लावल्यावर एकदा मल्टिमीटरने खुद्द बॅटरीच्या टोकांवर मोजून पाहावे. वायरीत थोडे व्होल्टेज खर्च होतेच, दोन-तीन दशांशाचा फरक चालतो. अर्ध्या-एक व्होल्टाचा फरक आला तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

टेंपरेचर आणि ऑईल प्रेशरचे मीटर दोन जातींचे येतात. एका जातीत बारीक नळी असते. प्रेशरच्या मीटरमध्ये त्या नळीतून खुद्द गरम ऑईल केबिनमध्ये येते, म्हणून नळी फुटली तर पायांवर येणार. टेंपरेचरची नळी बंद असते, तिच्यात भरलेला द्रव फुगून काटा फिरवतो. ती लांब झाली म्हणून कापली की मीटर संपला. दुसरी जात विजेची, तिच्यात इंजिनावर सेन्सर बसतो. आम्ही विजेची जात पसंत करतो, पण एक अट आहे: सेन्सर आणि मीटर जोडीचेच हवेत. या दुकानातून मीटर आणि त्या दुकानातून सेन्सर आणला, तर आटे जुळतील, काटाही हलेल, पण सांगेल ते खोटे.

ऑईलचा सेन्सर बसवताना कंपनीचा दिव्याचा स्विच काढून टाकू नये. टी-जोड घेऊन दोन्ही बसवावे. काटा बघायचे राहिले तरी दिवा डोळ्यांत येतो. एका वायरीच्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. गळू नये म्हणून त्यावर टेपचे थर चढवले की अर्थिंग तुटते आणि काटा वेडावतो. टेप लावलीच तर जेमतेम एक वेढा.

पाचट भरणाऱ्यांनी टेंपरेचरच्या काट्यावर विशेष नजर ठेवावी. पाचटाची कुसे रेडिएटरच्या जाळीत अडकतात आणि वारा कोंडतो. नेहमी ८० ते ९५ अंशांत राहणारा काटा १०५ कडे निघाला की थांबून जाळी झाडावी. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये, हे मुलांना आणि चालकांना पुन्हा पुन्हा सांगावे. आणि काटा वर गेला म्हणजेच धोका, असे नाही. वर असलेला काटा अचानक थंडाकडे पडला तर तो जास्त मोठा धोका समजावा. पाणी सगळे गळून सेन्सर कोरडा पडला की तो गार असल्याचे सांगतो, आणि इंजिन आत भाजत असते.

अर्थिंगविषयी थोडे. हेडलाइट लावला की मीटरचे काटे नाचतात, अशी तक्रार आली की आम्ही मीटर न पाहताच सांगतो, अर्थिंग कच्चे आहे. डॅशबोर्डाच्या प्लास्टिकला स्क्रू मारून अर्थिंग होत नाही, रंगलेल्या पत्र्यालाही होत नाही. एक जागा निवडून रंग खरवडावा, वायरीला गोल थिंबल दाबून बसवावे, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे, म्हणजे गंज धरणार नाही. सर्व मीटरांचे अर्थिंग त्याच एका बोल्टवर घ्यावे. वायरी पिळून टेप गुंडाळण्याचे जोड गाडीत टिकत नाहीत. आपल्या पाणंदीचे हादरे आणि उन्हाळ्यात वितळणारा टेपचा डिंक, दोन्ही वाईट. पत्र्याच्या भोकाला रबर, वायरीवर स्लीव्ह, आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, एवढे पाळले तर वायर गाडीइतकी टिकते.

नव्या गाड्यांबाबत वेगळे सांगणे आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी.एस.६ गाड्यांत, आणि जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या नियमांच्या ट्रॅक्टरांतही, इंजिनाचा कारभार छोट्या संगणकाकडे आहे. कंपनीचे सेन्सर त्याला खबर देतात. त्या सेन्सरच्या वायरीला आपला मीटर जोडायचा नाही. मीटरच्या भाराने खबर बदलते आणि संगणक चुकीचे डिझेल सोडतो. टेस्ट लॅम्प टोचून वायरी शोधण्याची सवयही या गाड्यांत बंद करावी, मल्टिमीटर वापरावा. काही गाड्यांत संगणकच अल्टरनेटर कमी-जास्त करतो, तेव्हा व्होल्टमीटरचा काटा खाली-वर झाला म्हणून लगेच घाबरू नये. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या वर्कशॉपला विचारल्याशिवाय वायर कापू नये.

टेंपरेचरचा मीटर गाडीवर चढवण्याआधी घरीच तपासता येतो. मीटर बॅटरीला फ्यूजमधून जोडावा, सेन्सरच्या बॉडीला बॅटरीच्या मायनसकडून एक वायर द्यावी आणि त्याचे टोक उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरावे, वायरीचा वरचा भाग कोरडा ठेवून. आपल्या पठारावर पाणी शंभराला नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळते. काटा तिथे दोन-चार अंशांत आला तर मीटर घ्यावा, नाहीतर दुकानदाराला जोडी परत करावी. बसवून झाल्यावर पहिले आठ दिवस गरम इंजिनाचे तिन्ही आकडे एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवावी. पुढे काटा हलला की नाही, हे त्या आकड्यांवरूनच कळेल.