दोन देशांची पोरं नेमकी कुणाकडून खेळतात? युरोपातल्या फुटबॉल अकादमींचं गणित समजून घ्या

मोबाईलवर फुटबॉलचे रील बघणाऱ्या गावातल्या पोरांना लामिन यमाल हे नाव आता नवीन नाही. डावखुरा, उजव्या बाजूने आत घुसून गोल मारणारा बार्सिलोनाचा हा पोरगा स्पेनकडून खेळतो. पण त्याचे वडील मूळचे मोरोक्कोचे आणि आई इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकेतल्या छोट्याशा देशाची. मग तो मोरोक्कोकडून का खेळला नाही? खेळू शकला असता का? आणि उद्या मनात आलं तर जाऊ शकेल का?

पहिल्याचं उत्तर, त्याची मर्जी. दुसऱ्याचं, हो. तिसऱ्याचं मात्र ठाम नाही. असं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण यात खेळ आहे, पोटासाठी गाव सोडणं आहे, आणि कायद्याची एक अशी बाजू आहे जी आपल्याकडच्या आईबापांनाही माहीत असायला हवी.

शेतघरातली शाळा

यमालचा जन्म 13 जुलै 2007 चा, स्पेनमधला. वाढला माटारो शहराच्या रोकाफोंडा वस्तीत. बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती ती. गोल केल्यावर तो बोटांनी 304 असा आकडा दाखवतो ना, तो तिथल्या पिनकोडचा. पूर्ण पिनकोड 08304, त्यातले शेवटचे तीन आकडे. सात वर्षांचा असताना बार्सिलोना क्लबने त्याला आपल्या अकादमीत घेतलं.

या अकादमीचं नाव ला मासिया. कॅटलान भाषेत मासिया म्हणजे शेतावरचं घर. 1702 साली बांधलेलं असं एक जुनं दगडी घर स्टेडियमजवळ होतं. 1979 पासून क्लबने लांबून आलेल्या मुलांना तिथे राहायला जागा दिली. 2011 मध्ये मुलं नव्या इमारतीत गेली, नाव मात्र तेच राहिलं. आपल्याकडच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीसारखंच समजा: सकाळी शाळा, नंतर सराव, राहणं-जेवण क्लबकडे. फरक इतकाच की इथे सरकार नाही, क्लब पैसा लावतो. आणि दरवर्षी चाळणी लागते. ज्याची प्रगती थांबली त्याला घरी पाठवतात. नावारूपाला येतात ते थोडे, बाकीची बहुतेक पोरं लहान क्लबांत जातात किंवा खेळ सोडून दुसरा मार्ग धरतात. ती रीलमध्ये दिसत नाहीत.

यमाल चाळणीतून वर आला. पंधराव्या वर्षी, एप्रिल 2023 मध्ये, बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडून उतरला. सप्टेंबर 2023 मध्ये जॉर्जियाविरुद्ध स्पेनकडून पहिला सामना खेळला आणि त्यातच गोल केला. मोरोक्कोच्या संघटनेनेही त्याला आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला होता. पुढे 2024 च्या युरो स्पर्धेत तो खेळत होता तेव्हा सोबत शाळेचा अभ्यासही चालू होता, आपल्या दहावीसारख्या वर्गाचा. सतरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी स्पेनने इंग्लंडला 2-1 हरवून युरो जिंकली.

बाहेरून पोरगं आणता येत नाही

आता तुम्ही म्हणाल, एवढे श्रीमंत क्लब, मग ते आफ्रिकेतून, आशियातून थेट लहान मुलं का उचलत नाहीत? तिथल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलांवरच का भागवतात?

कारण फिफाचा नियम. फिफा म्हणजे जगाच्या फुटबॉलचा कारभार बघणारी संघटना. तिच्या नियमावलीच्या कलम 19 नुसार 18 वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये नेता येत नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं. युरोपीय संघातल्या देशांमध्ये 16 ते 18 वयात जाता येतं, पण शिक्षणाची नि राहण्याची सोय क्लबने करायची. सीमेला लागून राहणाऱ्या मुलांसाठीही सवलत आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर इंग्लंडच्या क्लबांची ती 16 वर्षांची वाटही बंद झाली.

हा नियम कागदावरचा नाही. खुद्द बार्सिलोनाला तो मोडल्याबद्दल 2014 मध्ये शिक्षा झाली, आणि पुढचे दोन हंगाम-काळ नवे खेळाडू नोंदवायला बंदी आली. त्या तडाख्यात ताकेफुसा कुबो नावाचा जपानी मुलगा सापडला. ला मासियात चांगला खेळत होता, पण सामने खेळता येईनात म्हणून 2015 मध्ये जपानला परतला. पुढे 18 वर्षांचा झाल्यावरच पुन्हा स्पेनमध्ये आला.

म्हणजे काय, तर अकादमीच्या दारात पोचतो तो मुख्यतः जवळपास राहणारा मुलगा. युरोपातल्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांत राहतात मोरोक्को, अल्जीरिया, सेनेगल, घाना, नायजेरिया, तुर्कस्तान इथून कामाला आलेल्यांची कुटुंबं. मुलं तिथेच जन्मली, तिथल्याच गल्लीत खेळली. म्हणून अकादमीत दोन देशांची मुलं एवढी दिसतात.

इथेच आपल्याकडच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तुमच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला "थेट स्पेनच्या क्लबमध्ये घेतो, इतके लाख भरा" असं कुणी म्हणालं, तर त्याला एकच विचारा: 18 च्या आत त्याची नोंदणी कुठल्या अपवादाखाली करणार? फी घेऊन चालणारी शिबिरं असतात, मोठ्या क्लबचं नाव लावलेल्या शिकवण्याही असतात. त्यात काही वावगं नाही, मुलगा चार गोष्टी शिकेल. पण ते शिबिर आहे, क्लबची अकादमी नव्हे. खरी अकादमी निवडलेल्या मुलावर स्वतः खर्च करते.

तेरा मिनिटांची किंमत

आता देश निवडण्याचा भाग. क्लब बदलता येतो तसा देश बदलता येत नाही. पूर्वी नियम फार कडक होता. देशाच्या मुख्य संघाकडून एक जरी अधिकृत सामना खेळला की कायमचं बांधलं गेलात.

मुनीर अल हद्दादीचं उदाहरण यासाठी नेहमी देतात. जन्म स्पेनचा, वडील मोरोक्कोचे, ला मासियातच वाढलेला. सप्टेंबर 2014 मध्ये नुकताच 19 वर्षांचा झालेला असताना स्पेनने त्याला मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची तेरा-एक मिनिटं उतरवलं. तो पात्रता फेरीचा सामना होता, म्हणजे अधिकृत. त्यानंतर स्पेनच्या मुख्य संघाने त्याला परत कधी खेळवलं नाही. मोरोक्को बोलवत होतं, 2018 चा विश्वचषक समोर होता. तो क्रीडा लवादाकडे गेला, तिथेही हरला. विश्वचषक घरी बसून बघावा लागला.

2020 मध्ये फिफाने नियम सैल केला. आता बदल एकदाच करता येतो, आणि तो असा: पहिल्या देशाच्या मुख्य संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने खेळलेले नसावेत, ते 21 वर्षांचं होण्याआधीचे असावेत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली असावीत, आणि विश्वचषक किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत पाऊल ठेवलेलं नसावं. शिवाय पहिला सामना खेळताना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आधीपासून हवं. मुनीर यात बसला आणि 2021 मध्ये मोरोक्कोचा खेळाडू झाला. यमाल बसत नाही, कारण तो युरो खेळलाय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

मैत्रीपूर्ण सामन्याने मात्र गाठ पक्की होत नाही. मालागात जन्मलेला ब्राहिम दियाझ 2021 मध्ये स्पेनकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, तरी 2024 मध्ये मोरोक्कोकडे जाऊ शकला. लहान वयोगटात खेळल्यानेही कायमचं अडकत नाही. जर्मनीचा जमाल मुसियाला सात वर्षांचा असताना इंग्लंडला गेला, चेल्सीच्या अकादमीत वाढला, इंग्लंडच्या 21 खालच्या संघातून खेळला आणि 2021 मध्ये जर्मनीकडे वळला.

म्हणूनच संघटनांची घाई चालते. 2004 मध्ये बार्सिलोनातल्या एका 17 वर्षांच्या मुलावर स्पेनचा डोळा आहे हे कळल्यावर अर्जेंटिनाने पॅराग्वेविरुद्ध 20 वर्षांखालचा एक सामना खास त्याच्यासाठी ठरवला. तो मुलगा लिओनेल मेस्सी.

मोरोक्कोने काय केलं

या सगळ्याचा सगळ्यात हुशारीने फायदा घेतला मोरोक्कोने, असं माझं मत. 2022 च्या विश्वचषकातल्या त्यांच्या 26 पैकी 14 खेळाडूंचा जन्म देशाबाहेरचा होता. ज्या अकादम्यांवर युरोपचा पैसा लागला, तिथली तयार पोरं आईबापांच्या देशाकडून उतरली. अश्रफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मला, रेयाल माद्रिदच्या अकादमीत घडला. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. त्याच हकीमीने स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारून स्पेनला घरी पाठवलं. मोरोक्को उपांत्य फेरीत गेला, आफ्रिकेतला पहिलाच देश. त्याच वेळी त्यांनी देशातही अकादमी उभी केली होती, नायफ अगेर्द, युसुफ एन-नेसिरी तिथून आले. नुसतं बाहेरच्यांवर भागवलं नाही.

एकाच घरात दोन रस्ते फुटल्याचीही उदाहरणं आहेत. विल्यम्स भावांपैकी थोरला इन्याकी घानाकडून खेळतो, धाकटा निको स्पेनकडून. आईबाप एकच, दोघंही ॲथलेटिक बिल्बाओत वाढले. कुणी कुणाशी गद्दारी केली असं तिथे कुणी म्हणत नाही.

आपल्या मुलांना का जमत नाही?

भारतीय वंशाची मुलंही युरोपातल्या अकादम्यांत आहेत. बर्मिंगहॅमचा यान धांडा लिव्हरपूलच्या अकादमीत होता. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. ओसीआय कार्ड मिळतं, पण ते नागरिकत्व नव्हे, आणि देशाच्या संघात खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. गोव्यातल्या ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, त्यांच्या मुलांनाही हेच लागू.

मोरोक्कोच्या मुलाला एक जर्सी निवडायची असते. आपल्या मुलाला जर्सीबरोबर पासपोर्टही सोडावा लागतो, म्हणजे तिथलं राहणं आणि काम करण्याचा हक्कही पणाला. सतरा वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी हा सौदा का करावा? बहुतेक करत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

केलेले थोडे आहेत. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा अराता इझुमी पुण्याच्या क्लबकडून खेळायचा. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि 2013 मध्ये भारताकडून उतरला. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसोबत भारतीय संघात नमित देशपांडे होता, अमेरिकेत वाढलेला. आणि 2025 मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मुंबईची, तो स्वतः इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या अकादमीतून पुढे आलेला. तेव्हा त्याचं वय होतं 32.