कराचा भार कुणावर उतरतो

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूरचं मतदान ७ मे रोजी, तिसऱ्या टप्प्यात झालं. त्याच्या पंधरवडाभर आधी प्रचारात अचानक संपत्तीचा विषय शिरला. २१ एप्रिलला राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आरोप केला की काँग्रेस लोकांची संपत्ती, अगदी मंगळसूत्रंसुद्धा, काढून घेऊन वाटून टाकेल. त्यानंतर दोन-तीन दिवसांत काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला आणि भडका उडाला. काँग्रेसनं ते पित्रोदांचं वैयक्तिक मत आहे असं सांगितलं. पक्षाच्या जाहीरनाम्यात असा कर नव्हताही. पण आमच्या जुळे सोलापुरात, जिथे बहुतेक बंगले आणि रो-हाउस फंडाचे पैसे आणि बँकेचं कर्ज घालून उभे राहिलेत, तिथे हा विषय लगेच घरातला झाला. आयुष्यभर हप्ते फेडून बांधलेलं घर मुलांना देताना अर्धं सरकारला द्यायचं का, असा साधा, सरळ आणि रास्त प्रश्न लोक विचारत होते.

त्या गदारोळात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. भांडण चाललं होतं ते देशात आज नसलेल्या कराबद्दल. जे कर आपण रोज भरतो, ते कुणाच्या खिशातून किती जातात, याची चर्चा झालीच नाही. ती शांतपणे करता येते आणि त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारला माणसावर कर बसवायच्या तीनच जागा आहेत. माणूस खर्च करतो तिथे, कमावतो तिथे, आणि साठवून ठेवतो तिथे. बाकी सगळी नावं या तिघांपैकी कशात तरी बसतात.

आधी खर्च. वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, १ जुलै २०१७ पासून आला. दुकानदार तो आपल्याकडून घेतो आणि सरकारकडे भरतो. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा अर्धा कर केंद्राला आणि अर्धा महाराष्ट्राला जातो. मंगळवेढ्याची ज्वारी पोत्यातून सुटी मोजून घेतली तर कर शून्य. तीच पंचवीस किलोपर्यंतच्या छापील लेबलाच्या पिशवीत भरली की ५ टक्के. हा फरक १८ जुलै २०२२ पासूनचा आहे. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्क्यांत होतं, त्या दिवसापासून ते ५ टक्क्यांत आलं. सोलापुरी चादर किंवा टॉवेल नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. पेट्रोल आणि डिझेल मात्र जीएसटीबाहेर आहेत. त्यांच्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन कर बसतात.

‘आम्हाला कुठला आलाय टॅक्स’ असं धुणंभांडी करणारी बाई म्हणते, आणि ‘टॅक्स भरणारे आम्ही मूठभर’ असं नोकरदार म्हणतो. दोघांच्याही मनात फक्त आयकर असतो. हिशेब करून पाहू. समजा एका घरात महिन्याला १२,००० रुपये येतात आणि ते सगळे खर्च होतात. त्यातले निम्मे घरभाडं, भाजीपाला, सुटं धान्य अशा करमुक्त गोष्टींवर जातात आणि निम्मे ५ टक्क्यांच्या वस्तूंवर. मग त्या घरानं साधारण २८६ रुपये जीएसटी भरला, म्हणजे उत्पन्नाच्या २.४ टक्के. दुसऱ्या घरात महिन्याला ३ लाख येतात. ते ७५,००० खर्च करतात: एक तृतीयांश करमुक्त, एक तृतीयांश ५ टक्क्यांचं, एक तृतीयांश १८ टक्क्यांचं. त्यांचा कर होतो सुमारे ५,००० रुपये. आकडा सतरापट मोठा, पण उत्पन्नाच्या मानानं १.७ टक्केच. महागड्या वस्तू घेऊनही त्यांच्यावरचा भार कमी, कारण उरलेले सव्वादोन लाख बाजारात आलेच नाहीत. ते साठले, आणि साठलेल्या पैशाला जीएसटी लागत नाही. कर खर्चावर असेल तर ज्याचं सगळं उत्पन्न खर्च होतं त्याच्यावर तो जास्त पडणार. यात कुणाची लबाडी नाही, कराची घडणच तशी आहे.

खर्चावरच्या करांना एक चुलतभाऊ आहे, त्याचा दर कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या आवकेत राज्यातल्या मोठ्या समित्यांपैकी एक. केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ती उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे सोलापूरच्या मतदानाच्या तीन दिवस आधी, आणि तेव्हाही ४० टक्के शुल्क होतंच. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून शेतकऱ्याचा भाव खाली ठेवला गेला. सरकारी हिशेबात याला कर म्हणत नाहीत. ज्याच्या गाडीला लिलावात भाव मिळाला नाही, त्याच्या दृष्टीनं मात्र हा करच होता.

आता कमाई. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात मोठी विषमता इथेच दिसते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

समजा वर्षाला ३६ लाख रुपये मिळवणारी चार माणसं आहेत. पहिला पगारदार. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट घेऊन त्याला उपकरासह सुमारे ६ लाख ६३ हजार आयकर बसतो, तोही पगारातूनच कापून. दुसऱ्याचे ३६ लाख हे बाजारातले, वर्षाहून जुने शेअर विकून झालेला नफा. त्याला दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा १२.५ टक्के दर लागतो. सव्वा लाखाची सूट आणि मूळ चार लाखांची मर्यादा धरली तर कर चार लाखांच्या आसपास येतो. तिसऱ्याला ३६ लाख द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतून मिळाले. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही. घटनेनं तो अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. त्याचा कर शून्य. चौथ्यानं काहीच केलं नाही. त्याच्या नावच्या जागेची किंमत वर्षभरात ३६ लाखांनी वाढली. विकली नाही, म्हणून कर शून्य.

चौघंही वर्षाअखेर तेवढ्याच रकमेनं श्रीमंत झाले, पण कर सहा लाखांपासून शून्यापर्यंत. किती मिळवलं यापेक्षा कोणत्या वाटेनं मिळवलं, यावर भार ठरतो. शेतीच्या सुटीमागं कारण आहे. आपल्या जिल्ह्यात एका वर्षी बाग बहरते आणि दोन वर्षं टँकरच्या पाण्यावर जगवावी लागते, आणि जिरायती शेतकऱ्याला कर लावावा असं उत्पन्नच नसतं. पण ही सूट त्या जिरायतवाल्यासाठी म्हणून दिली जाते आणि तिचा खरा लाभ मोठ्या बागायतीला मिळतो, हे मान्य करायला हवं.

कंपन्यांच्या बाबतीतही वाट बदलली. सप्टेंबर २०१९ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी २२ टक्क्यांवर आणला. पुढं २०२३-२४ मध्ये देशातल्या व्यक्तींनी भरलेला आयकर सुमारे १०.४ लाख कोटी झाला आणि कंपन्यांचा ९.१ लाख कोटी. पगारदार चिडतो, त्याला आधार आहे. फक्त त्याचा राग बहुतेक वेळा चुकून कामवाल्या बाईवर निघतो.

तिसरी जागा साठवणीची. भारतात ही जागा कायमच रिकामी होती असं नाही. मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवरचा कर, इस्टेट ड्युटी, १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला, आणि तो आणणारे अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. त्याचा वरचा दर पुढं ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १९५७ मध्ये संपत्ती कर आला. जिवंतपणी एक आणि मरणानंतर दुसरा, असे दोन कर एकाच मालमत्तेवर, आणि वसुली मात्र नगण्य: इस्टेट ड्युटीचे वर्षाला जेमतेम वीस कोटी. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ मध्ये ती रद्द केली. संपत्ती कर अरुण जेटली यांनी २०१५ च्या अंदाजपत्रकात काढला. त्यातून वर्षाला हजार कोटींच्या आसपासच मिळत होते आणि वसुलीची कटकट फार होती. त्याऐवजी एक कोटीहून जास्त उत्पन्नावर २ टक्के अधिभार वाढवला. म्हणजे साठवणीवरचा कर पुन्हा कमाईवर गेला.

जुळे सोलापुरातल्या बंगल्याला अमेरिकेची भीती वाटली होती, म्हणून एवढं सांगायला हवं की अमेरिकेत २०२४ मध्ये केंद्राचा वारसा कर १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तेलाच लागत होता. तेव्हाच्या दरानं ११० कोटी रुपयांहून अधिक. ब्रिटनची मर्यादा खूपच खाली, सव्वातीन लाख पौंड. तेव्हा वारसा कर चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. मर्यादा कुठे ठेवणार, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आपल्या निवडणुकीत ते कुणीच विचारलं नाही, दोन्ही बाजूंनी नाही.

साठवणीवरचा एकच कर आपल्या दारात येतो, तो महापालिकेचा मालमत्ता कर. तो घरावर असतो, बँकेतल्या ठेवींवर किंवा शेअरवर नाही. ज्याची सगळी पुंजी म्हणजे राहतं घर, त्याची सगळी पुंजी कराखाली येते. सोलापूर महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता, त्यामुळे २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका आम्ही नगरसेवक नसतानाच पाहिल्या. कर मात्र वेळेवर मागितला जात होता, आणि नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं येत होतं.

आता या तिन्ही जागा विषमतेच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, नितीन कुमार भारती, लुकास चान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांचा अभ्यास आला. त्यांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का भारतीयांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. दुसरीकडे सरकारी कुटुंब खर्च पाहणीच्या आधारे भारतातली विषमता बरीच कमी आहे असं सांगितलं जातं. दोन्ही आकडे सांगणारे एकमेकांना खोटं ठरवतात, पण ते मोजतात वेगवेगळ्या गोष्टी. खर्चात माणसं एकमेकांच्या जवळ असतात, कारण श्रीमंतही पोटापेक्षा जास्त खात नाही. कमाईत अंतर वाढतं. साठवणीत ते सगळ्यात जास्त असतं.

आणि कर? जुलै २०२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २७ पैसे कर्जाचे होते. आयकराचे १९, कंपनी कराचे १७. जीएसटीचे १८, उत्पादन शुल्काचे ५ आणि सीमाशुल्काचे ४, म्हणजे खर्चावरचे मिळून २७. साठवणीसाठी रकानाच नाही. जिथे विषमता सगळ्यात कमी तिथला कर भरघोस, आणि जिथे ती सगळ्यात जास्त तिथे काहीच नाही. माझ्या मते २०२४ च्या वादात बोलण्यासारखं होतं ते हे.

मतदारांनी या प्रश्नावर मत दिलं का? मला तसं म्हणवत नाही. लोकनीती-सीएसडीएसच्या निवडणूकपूर्व पाहणीत २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्के लोकांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला. कर आणि विषमता या नावानं कुणी विचार करत नाही. पण महागाईतला काही भाग करच असतो. सोलापुरात २०१४ आणि २०१९ मध्ये भाजप जिंकला, २०२४ मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी राम सातपुते यांना ७४ हजारांहून अधिक मतांनी हरवलं. त्यात आरक्षण होतं, कांदा होता, उमेदवार होते. मतपेटीतून कराबद्दलचा कौल वेगळा काढता येत नाही.

तरी महाराष्ट्राच्या माणसाला कर नकोच असतो, हे मला पटत नाही. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातली माणसं खडी फोडत होती, पाझर तलावांवर माती वाहत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदारानं आणि व्यापाऱ्यानं गावच्या मजुरासाठी दरमहा थोडे पैसे द्यायचे, बागायती जमिनीवरही वेगळा आकार बसवायचा, आणि जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच भर राज्यानं घालायची. काम मागणाऱ्याला काम मिळण्याचा हक्क १९७७ च्या कायद्यानं दिला. पुढं २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेनं गेला. कुणाकडून घ्यायचे आणि कुणाला द्यायचे, दोन्ही उघड होतं.

विडी कामगारांचंही तसंच होतं. १९७६ च्या कायद्यानं विड्यांवर उपकर बसला आणि त्यातून त्यांच्या दवाखान्यांना, मुलांच्या शिष्यवृत्तीला, घरांना पैसा जाई. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायकांना तो कर कशासाठी आहे हे माहीत होतं. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो उपकर गेला, विडीवर २८ टक्के कर बसला आणि पैसा सगळ्या पैशांत मिसळला.

व्यवसाय कर अजून आहे. पगारपत्रकावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. पुरुषाला मात्र पगार दहा हजारांच्या वर गेला की पूर्ण लागतो, आणि त्यानंतर तो कधीच वाढत नाही. सूतगिरणीतला कामगार २,५०० भरतो आणि कोटीभर पगाराचा अधिकारीही २,५०० च. कारण घटनेच्या २७६ व्या कलमात वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा लिहिली आहे. ती १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीनं २५० वरून वाढवली आणि तेव्हापासून तिथेच आहे. ती बदलायला घटनादुरुस्ती लागते, आणि घटनादुरुस्तीचं मतदान संसदेत होतं. जुळे सोलापुरात मत मागायला येणाऱ्या लोकसभेच्या उमेदवाराला हा एक आकडा दाखवून त्याचं मत विचारता येईल.