गाडीचा गारवा रुसतो तेव्हा…

मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी निघावं, गाडीच्या ए.सी.नं पहिला अर्धा तास छान गार हवा द्यावी आणि घाट लागायच्या सुमारास झोत अगदी मंद होऊन जावा, हा अनुभव पुष्कळजणींना असेल. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं : “वहिनी, गॅस संपलाय. भरून देतो.” पैसे मोजायचे, आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेच!

मैत्रिणींनो, हा गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आणि दोष दर वेळी गॅसचाच असतो असंही नाही.

डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल म्हणजे नळ्यांची जाळी असते. तिच्यातून गार होऊन हवा आपल्यापर्यंत येते. जाळी फार थंड झाली तर हवेतली वाफ तिच्यावर गोठेल, म्हणून तिथे बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. जाळी शून्य अंशाच्या जवळ आली, की त्याच्या इशाऱ्यावर काँप्रेसर थांबतो. हा सेन्सर बिघडून ‘अजून गरमच आहे’ असं सांगत राहिला, तर काँप्रेसर थांबायचं नावच घेत नाही. जुन्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचतो ना, अगदी तसा थर जाळीवर चढतो. पंखा घोंघावतो, पण हवेला वाटच नसते! कोकणातल्या दमट हवेत हे अधिकच लवकर होतं.

ओळखायचं कसं? झोत मंदावला की ए.सी.चं बटण बंद करा आणि पंखा चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी झोत पहिल्यासारखा झाला, गाडीखाली भरपूर पाणी ठिबकलं, तर बर्फच साचला होता असं समजा. झोत निघाल्यापासूनच मंद असेल तर आधी केबिन फिल्टर काढून पहा. धुळीनं तो गच्च भरलेला असतो. झोत जोरदार पण हवा गारच नाही, तेव्हा मात्र गॅसची शंका रास्त. गॅस कमी असला तरी कधी कधी बर्फ धरतो, म्हणून भरण्याआधी दाब मोजायला सांगाच.

दुसरा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरच्या आत असतो, बाहेरचं तापमान मोजणारा. त्याची वायर तुटली तर काही गाड्यांत भर वैशाखात बाहेर उणे ४० अंश दिसतात! गाडी बिचारी ‘एवढ्या थंडीत ए.सी. कशाला?’ म्हणून काँप्रेसर चालूच करीत नाही.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. मेकॅनिकनं तो काढला की मल्टिमीटरला जोडून बर्फाच्या पाण्यात धरायला सांगा. ओहमचा आकडा हळूहळू चढला पाहिजे, कोमट पाण्यात उतरला पाहिजे. नेहमीच्या हवेत असतो त्याच्या साधारण तिप्पट आकडा बर्फात दिसतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे. आकडा जागचा हललाच नाही किंवा उड्या मारू लागला, तर सेन्सर गेला. तो चांगला निघाला तर प्लग आणि वायरी तपासायच्या. उंदीर काय फक्त धान्याच्या डब्यांमागेच असतात? बॉनेटखालच्या वायरी त्यांना फार आवडतात.

“साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो,” असं कुणी म्हणालं तर खुशाल तिथेच खुर्ची ओढून बसा. सेन्सर लहानसाच असतो. मजुरी डॅशबोर्ड किती उघडावा लागतो त्यावर ठरते, तेव्हा ती आधीच विचारून घ्या. आणि पैसे देण्यापूर्वी ए.सी. लावून गाडी चांगली पाऊण तास फिरवून आणा. बर्फ काही पाच मिनिटांत साचत नाही.