वाळवंटांतील तीन रात्रींचें बिऱ्हाड

लेंकराबाळांसह वाळवंटांत राहुटी ठोकून राहावयाचें, हें वाचून कित्येक वाचकभगिनींच्या कपाळास आठी पडेल. परंतु ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं उलुरू नांवाचा जो प्रचंड तांबडा खडक आहे, त्याच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांत ही रीत नित्याची आहे. आमचे चिरंजीव ॲडलेड येथें नोकरीस असल्यामुळें २०२३ सालच्या जुलैंत सून-नातवंडांसह तेथें तीन रात्री राहण्याचा योग आम्हांसही आला.

ॲलिस स्प्रिंग्ज गांवाहून मोटारीनें सुमारें ४५० किलोमीटर गेल्यावर युलारा ही वस्ती लागते. तिच्यांतील तळावर राहुट्यांसाठीं जागा आखून दिलेल्या आहेत. सामाईक न्हाणीघरें, मुलांस पोहण्याचा हौद व छपराखालीं एक सामाईक स्वयंपाकघरही आहे. शेजारीं मांस भाजत असतां आपण निमूटपणें आपली मुगाची खिचडी शिजवावी. सोंवळ्याओंवळ्याचा खल तेथें चालत नाहीं. नळाचें पाणी भूगर्भांतून उपसून व त्यांतील क्षार काढून येतें, हें मुलांस आधींच सांगावें, म्हणजे तें सांडण्यापूर्वीं तीं विचार करितात. जुलैंत दिवसां कोंवळें ऊन असतें, पण पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो. आमच्या दोन दुलया पुरल्या नाहींत. डिसेंबर-जानेवारींत तोच पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हां लहान मुलें घेऊन कोणीं जाऊंच नये.

तळावर ठिकठिकाणीं डिंगोविषयीं, म्हणजे तेथील रानकुत्र्याविषयीं, सूचना लाविलेल्या आहेत. त्यांच्यामागें एका मातेचें दुःख आहे. पूर्वीं हा तळ खडकाच्या अगदीं पायथ्याशीं होता. तेथून १९८० सालच्या ऑगस्टांत एका कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी राहुटींतून नाहींशी झाली. डिंगोनें मूल नेलें, असें आई त्याच रात्रीं ओरडून सांगत होती. पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणाऱ्या अनंगू लोकांतील वाटाड्यांनींही वाळूंतील पाउलें पाहून तेंच सांगितलें. पण शहरांतील विद्वानांस तें पटेना. शिवाय ती बाई चारचौघांत हंबरडा फोडीत नाहीं, हाही लोकांनीं तिचा अपराध मानिला! १९८२ सालीं तिलाच खुनी ठरवून जन्मठेप झाली. १९८६ सालीं मुलीचें अंगडें खडकापाशीं सांपडलें, तेव्हां ती तुरुंगांतून सुटली. १९८८ सालीं तिची शिक्षा रद्द झाली. आणि डिंगोनेंच मूल नेलें हा अधिकृत निर्णय व्हावयास २०१२ साल उजाडलें. पाउलें ओळखणाऱ्यांचें ऐकावयास बत्तीस वर्षें लागलीं!

त्याच अनंगूंना १९८५ सालीं त्या भूमीची मालकी परत मिळाली. तत्पूर्वींच, १९८४ च्या सुमारास, तळ सुमारें वीस किलोमीटरांवर युलारा येथें हलविण्यांत आला होता. आज उद्यानाच्या हद्दींत मुक्कामास मनाई आहे. खडक आम्हांस पवित्र आहे, त्यावर चढूं नका, अशी त्यांची विनवणी होती. तरीही लोक चढतच राहिले. २६ ऑक्टोबर २०१९ रोजीं मात्र ती चढाई कायमची बंद झाली. आमच्या नातवानें “आजोबा, मग इतक्या दूर येऊन करायचें काय?” असें विचारतांच सूनबाईंनीं उत्तर दिलें, “प्रदक्षिणा!” आम्हांस तें फार आवडलें.

ही प्रदक्षिणा १०.६ किलोमीटरांची आहे. ती सूर्योदयासच आरंभावी. उन्हाच्या दिवसांत माणशीं तासाला एक लिटर पाणी जवळ असावें. वाटेंत कांहीं स्थळीं छायाचित्र घेऊं नये अशा पाट्या आहेत, त्या पाळाव्यात. गाभाऱ्यांत कॅमेरा चालत नाहीं हें आपल्या मुलांस निराळें शिकवावें लागत नाहीं. रात्रीं अन्न उघड्यावर ठेवूं नये, राहुटीची चेन ओढून घ्यावी, डिंगोस तुकडाही घालूं नये आणि तान्ह्या मुलास क्षणभरही एकटें सोडूं नये. ज्यांना एवढें चालवत नाहीं त्यांनीं मुतितजुलूच्या पाणवठ्यापर्यंत जावें. जाऊनयेऊन एकच किलोमीटर होतो, वाट सपाट आहे, बाळाची ढकलगाडीही जाते. आणि खडकाच्या कुशींत तेथें झाडांची दाट सांवली आहे.