पंखा जोरात फिरवला, तर प्रोसेसर किती थंड होतो?

उन्हाळ्यात शाळेतील संगणक चालता चालता मंदावतो, कधी आपोआप बंद पडतो. प्रोसेसर तापत असल्याचे लक्षात येते आणि त्यावरचा पंखा जोरात फिरवावा, असा उपाय सुचवला जातो. तो कितपत लागू पडतो, हे आपण पाहू या.

आजच्या बहुतेक संगणकांत या पंख्याला चार तारा असतात. दोन तारांतून १२ व्होल्टचा वीजपुरवठा होतो. तिसरीतून फेऱ्यांची खबर मिळते : एका फेऱ्याला दोन स्पंद. चौथीतून आज्ञा जाते. ही आज्ञा म्हणजे सेकंदाला सुमारे २५,००० वेळा होणारी उघडझाप. तिच्यात ‘चालू’ काळाचा वाटा जितका मोठा, तितका पंखा वेगवान. माणसाला साधारणपणे २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून या उघडझापेची गुणगुण आपल्याला जाणवत नाही. कोणत्या तापमानाला किती वेग असावा, हे बायोसमध्ये ठरवता येते.

वेग वाढवणे असे सोपे आहे. पण त्याची किंमत पाहा. वेग दुप्पट केला, तर हवा दुप्पट वाहते; मात्र पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होते. आवाजही सुमारे १५ डेसिबलने वाढतो.

आणि फायदा? उष्णतेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा प्रोसेसरकडून, मधल्या औष्णिक लेपातून, धातूच्या पात्यांपर्यंत; दुसरा पात्यांकडून हवेत. पंख्याचा जोर फक्त दुसऱ्या टप्प्यावर चालतो. समजा, प्रोसेसर ६० वॉट उष्णता देतो, खोलीचे तापमान ३२ अंश सेल्सिअस आहे, आणि दोन टप्प्यांचा रोध दर वॉटला अनुक्रमे ०.३ व ०.४ अंश आहे. मग तापमानातील वाढ १८ आणि २४ अंश. प्रोसेसर ७४ अंशांवर.

आता वेग दुप्पट करू. हवेचा प्रवाह संथ, थरांचा असेल, तर पात्यांची उष्णता देण्याची क्षमता साधारणपणे वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २४ चे १७ होतात. प्रोसेसर ६७ अंशांवर येतो. आठपट शक्ती देऊन मिळाले ७ अंश! पंखा कितीही पळवला, तरी या उदाहरणात ५० अंशांच्या खाली जाता येणार नाही.

आता मधला लेप वाळून पहिला रोध ०.६ झाला, असे मानू. प्रोसेसर ९२ अंशांवर जाईल. दुप्पट वेगाने तो ८५ वर येईल. नवा लेप लावल्यास जुन्याच वेगात ७४ वर. पात्यांमध्ये धूळ साचली असेल, तर हवेची वाटच अडते.

म्हणून आधी संगणक बंद करून प्लग काढावा आणि धूळ झटकावी. फुंकणीने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो बेफाम फिरून बिघडू शकतो. मग लेप तपासावा. वेगाचा विचार त्यानंतर.

वर्गात एक प्रयोग करता येईल. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कोमट पाणी भरून टेबलपंख्यासमोर ठेवा आणि ५ अंश उतरायला लागणारा वेळ वेगवेगळ्या वेगांना मोजा. पुढच्या खेपेस डब्याभोवती कापड गुंडाळा. पंख्याचा जोर कोठे थांबतो, हे विद्यार्थी आलेखावरून स्वतःच सांगतील.