मेल डिलीट केले, मग जागा का सुटत नाही?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "सर, काल अख्खी दुपार बसून चार हजार मेल उडवले, तरी डिस्क भरलेली ती भरलेलीच!" प्रश्न रास्त आहे. आज तिथूनच सुरुवात करू.

थंडरबर्डसारखा प्रोग्राम सहसा एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच फाइलीत, एकापाठोपाठ एक लिहून ठेवतो. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. वही समजा. तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा पानावर नुसती काट मारली जाते, पान फाटत नाही. ट्रॅश रिकामा केलात तरी तेच. 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा दिली की काट न मारलेली पानं नव्या वहीत उतरवली जातात आणि जुनी वही टाकून दिली जाते. म्हणजे काही वेळ दोन्ही वह्यांना जागा हवी! डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबलात तर कॉम्पॅक्टसुद्धा अडतं.

आता उडवायचं काय? तारखेने नाही, आकाराने लावा. ईमेलची व्यवस्था मुळात अक्षरांसाठी होती, म्हणून फोटो, पीडीएफ वगैरे बेस-६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलून जातात. त्यात आकार साधारण एक तृतीयांशाने फुगतो, ३ एमबीचा फोटो ४ एमबीच्या वर जातो. चार ओळींच्या हजार पत्रांपेक्षा लग्नाच्या फोटोंचे दहा मेल भारी पडतात.

आणि इथे माझी फजिती सांगतो. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून मी जुनं एक फोल्डर साफ केलं. मनात म्हटलं, सर्व्हरवर आहेच की! पण खातं आयमॅप पद्धतीचं होतं. आयमॅपमध्ये दोन्हीकडे एकच वही असते, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. वडिलांनी शेवटच्या वर्षात, एका बोटाने टाइप करून पाठवलेली पत्रं त्यात होती. गेली.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. ठेवायचे मेल आधी 'लोकल फोल्डर्स'मध्ये वर्षवार कॉपी करा. मूव्ह नको, कॉपी. पण लोकल फोल्डर्स त्याच डिस्कवर असतात, तेवढ्याने जागा सुटत नाही. प्रोग्राम बंद करून त्या वर्षाची फाइल दोन वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर न्या. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर, तिथलाही प्रोग्राम बंद ठेवून, ती लोकल फोल्डर्सच्या जागी टाका, प्रोग्राम सुरू करा आणि पाच-सहा मेल जोडलेल्या फाइलींसकट उघडून बघा. उघडले, तरच मूळ मेल आणि लोकल फोल्डर्समधली प्रत डिलीट करा, ट्रॅश रिकामा करा, आणि कॉम्पॅक्ट.

जीमेलवाल्यांनो, तुमचं 'आर्काइव्ह' बटण यातलं काहीच करत नाही हं! ते मेल फक्त इनबॉक्समधून बाजूला सरकवतं. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून जी १५ जीबी फुकट मिळते, त्यातली एक केबीसुद्धा त्याने सुटत नाही.

त्या बाईंनी शेवटी कॉम्पॅक्ट केलं. जागा सुटली, पण आधी कॉपी काढली होती का, हे विचारायचं माझं राहून गेलं.